मराठी माणसाला जपानी सोपी जाते ना?

मुलीला क्लासला घालायच्या आधी तुम्ही विचारलंत म्हणून लिहिते, नाहीतर हल्ली मी हसून विषय बदलते. पुण्यात जपानी शिकवते म्हटलं की लग्नाच्या पंगतीत, सोसायटीच्या लिफ्टमध्ये, कुठेही हा प्रश्न येतो: "मराठीसारखंच व्याकरण ना? मग काय, सोपंच!"

आहे हो सारखं. क्रियापद शेवटी, नामाच्या मागे प्रत्यय. 'काल विकत घेतलेलं पुस्तक' म्हणजे 'किनो कात्ता होन', क्रमही तोच. 'मला जपानी समजते' यात जपानी प्रथमेत असते. 'निहोंगो गा वाकारु' मध्येही तिला कर्त्याचाच 'गा' लागतो, कर्माचा 'ओ' नाही. इंग्रजीतून विचार करणारी मुलं इथे हमखास 'ओ' लावतात, आपली लावत नाहीत. इथवर मी तुमच्याच बाजूची.

अडतं ते 'वा' आणि 'गा' पाशी. 'वा' म्हणजे ज्याबद्दल बोलायचं तो विषय दाखवणारा प्रत्यय. 'झो वा हाना गा नागाइ': हत्तीची सोंड लांब. पण वाक्यात 'ची' कुठेच नाही. हत्तीबद्दल बोलायचं तर, सोंड लांब, असं काहीसं. मिकामी अकिरा हे पेशाने गणिताचे शिक्षक. 1960 साली त्यांनी या एका वाक्यावर अख्खं पुस्तक उभं केलं. जपानीतून 'कर्ता' ही कल्पनाच काढून टाका, असं त्यांचं म्हणणं. मला ते पूर्ण पटत नाही. वर्गात मात्र उपयोगी पडतं.

आता चाकणची एक गोष्ट. माझी एक जुनी विद्यार्थिनी तिथल्या एका कारखान्यात दुभाषी होती. मशीन बसवायला आलेल्या जपानी इंजिनिअरचा मेल आला: 'काकारिचो गा मोदोत्तारा, किकाइ ओ तोमेमास.' सेक्शनचे साहेब परत आले की मशीन थांबवणार. कोण थांबवणार? 'तोमेमास' मी, आम्ही, ते, सगळ्यांना एकच. मराठीत 'करू' की 'करतील' हे ठरवल्याशिवाय क्रियापद पुरं होत नाही. तिने फळ्यावर लिहिलं: 'साहेब आल्यावर मशीन बंद करतील.' साहेब आले, केबिनमध्ये चहाला बसले. ऑपरेटर निवांत, जॉब चढवलेला. तेवढ्यात इंजिनिअरने ठरल्याप्रमाणे मशीन थांबवलं. अर्धवट कापलेला माल भंगारात गेला.

'गा' ची धाव पोटवाक्यापुरती. साहेब 'मोदोत्तारा' पाशी, म्हणजे परत येण्यापाशीच, संपले. पुढचं काम सहसा दुसऱ्याचं, इथे मेल लिहिणाऱ्याचं. 'काकारिचो वा' असतं तर साहेब पोटवाक्य ओलांडून थेट शेवटच्या क्रियापदाला भिडले असते, आणि फळ्यावरचं वाक्य बरोबर ठरलं असतं.

हे मी कारखान्याच्या मॅनेजरना फोनवर सांगत होते. फोन स्पीकरवर होता आणि ती पोरगी तिथेच बसलेली होती, हे मला मागाहून कळलं. ते म्हणाले, "मॅडम, तुमच्याच फ्लेक्सवर आहे ना, मराठी येते म्हणजे अर्धी जपानी येते?" आहे. मीच लिहून घेतलं होतं, बॅच भरत नव्हती तेव्हा. मी म्हटलं, अर्धीच म्हटलंय. हे बोलायला नको होतं, तिच्यासमोर तर नकोच. तिचं कंत्राट पुढे वाढलं नाही.

यावर मी स्वतःशीच पुष्कळ भांडले आहे. साम्य दाखवलं नसतं तर ती पहिल्या महिन्यातच क्लास सोडून गेली असती, असं एक मन म्हणतं. साम्याच्या भरवशावरच तिने 'गा' वाचला आणि मराठी कर्ता समजून पुढे गेली, असं दुसरं. शिवाय इंजिनिअरला 'आम्ही' लिहायला काय झालं होतं? जपानीत तसं लिहीत नाहीत, हे मला माहीत आहे. तरी राग येतोच.

तेव्हा मुलीला क्लासला घालायचं तर खुशाल घाला. पहिले तीन महिने तिला वाटेल, ही तर आपलीच भाषा. तेव्हा तिला काही सांगू नका. फ्लेक्स मी अजून उतरवलेला नाही.