चार टाळ्या

१७ मार्च, मंगळवार

आज बॉस्टनला सुट्टी आणि आम्हाला नाही. १७७६ साली याच तारखेला इंग्रजांचं सैन्य बॉस्टन सोडून गेलं, म्हणून सफोक काउंटीत सुट्टी असते. नेमका तोच सेंट पॅट्रिकचा दिवस, म्हणजे आयरिश लोकांचा मोठा सण, निघावा हा निव्वळ योगायोग आहे, असं सांगताना इथले आयरिश लोक हमखास डोळा मारतात. आमचं क्विन्सी पडतं शेजारच्या नॉरफोक काउंटीत. तेव्हा मुकाट लॅपटॉप उघडला, आठ तास भरले. संध्याकाळी कणीक मळायला घेतली आणि दर वर्षीप्रमाणे ड्रॉपकिक मर्फीजचा, म्हणजे आयरिश सूर आणि दणदणीत पंक रॉक एकत्र वाजवणाऱ्या बँडचा, २००२ सालचा लाइव्ह अल्बम लावला.

ही पोरं आमच्याच गावची. १९९६ साली क्विन्सीतल्या एका सलूनच्या तळघरात त्यांनी वाजवायला सुरुवात केली. हा अल्बम बॉस्टनच्या लॅन्सडाउन स्ट्रीटवरच्या अ‍ॅव्हलॉन नावाच्या क्लबात, त्या वर्षीच्या सेंट पॅट्रिकच्या दिवसांत ध्वनिमुद्रित केलेला. रस्ता म्हणजे फेनवे पार्क या बेसबॉलच्या मैदानाची मागची गल्लीच. अल्बम सुरू झाला की आधी फक्त माणसं ऐकू येतात. शिट्ट्या, बँडच्या नावाचा घोष. मग बॅगपाइप. दहा-बारा वर्षं ऐकतेय, तरी त्या जागी हात थांबतोच. आज कणकेत मनगटापर्यंत बुडलेला थांबला.

बॅगपाइप हे वाद्य मला फार हट्टी वाटतं. पखालीतली हवा नळ्यांतून सतत वाहत असते, त्यामुळे सूर मधेच तोडता येत नाही आणि आवाज लहान-मोठा करायची सोयच नाही. एकच सूर लागोपाठ दोनदा हवा असेल तर मधे दुसरा निसटता सूर घालून तो तोडावा लागतो. सूर तरी किती, नऊ! पट्टी त्याची तो ठरवणार, बाकीच्यांनी जुळवून घ्यायचं. असं वाद्य पंकवाल्यांच्या हाती लागलं नसतं तरच नवल. त्यांच्या गिटारींनाही हळू बोलणं ठाऊक नाही.

मधेच साताऱ्याहून आईचा व्हिडिओ कॉल आला. तिच्याकडे पहाट झालेली.

"अगं, हे काय, वरातीचा बँड लावलायस?"

"आयरिश आहे गं."

"असू दे की. वरातीचाच वाटतोय. आणि तो माणूस एवढा ओरडतोय का?"

त्यांचा गायक अल बार का ओरडतो याचं उत्तर माझ्याकडे नव्हतं. पण तिचं अगदीच चुकलं नव्हतं. हे संगीत बसून ऐकायचं नाहीच. फ्लॉगिंग मॉली या अशाच बँडचा पहिला अल्बमसुद्धा लाइव्हच होता, १९९७ सालचा, लॉस एंजेलिसच्या ज्या पबमध्ये ते दर सोमवारी वाजवायचे तिथलाच. आधी स्टुडिओ आणि मग मैफल, हा नेहमीचा क्रम त्यांनी उलटाच केला. आणि या सगळ्यांच्या आधीचा पोग्ज बँड तर लंडनच्या पबमधूनच वर आला.

मी इथे आले २०११ साली. तोवर अ‍ॅव्हलॉन जाऊन चार वर्षं झाली होती. त्याच जागी आता हाउस ऑफ ब्लूज आहे. ते २००९ मध्ये उघडलं आणि त्याच मार्चमध्ये मर्फीजनी तिथे पुढचा लाइव्ह अल्बम मुद्रित केला. आवाज त्याचा जास्त स्वच्छ आहे, बँडही तयारीचा. तरी मला जुनाच आवडतो. स्टुडिओत कोरस कसा एका ठेक्यात, काटेकोर येतो. इथे मागची माणसं पुढच्यांपेक्षा अर्धा शब्द मागे असतात. त्या अर्ध्या शब्दावरून मी हॉलची लांबी मोजत बसते. ज्या भिंती मी कधी पाहिल्या नाहीत त्या मला कानानं पाठ आहेत, आणि याचा उपयोग शून्य.

हाउस ऑफ ब्लूजला एकदा गेले होते. ग्रीन लाइननं केनमोरला उतरून, गर्दीबरोबर वाहत. सुमारे अडीच हजार माणसं, त्यात साडेपाच फूट उंचीचीसुद्धा नसलेली मी. स्टेज दिसलंच नाही. शेजारच्या एका आजोबांची बिअर माझ्या जॅकेटवर सांडली, आणि ती पुसता पुसता त्या आजोबांनी खांद्यावर हात टाकला तो गाणं संपेपर्यंत काढला नाही. शब्द मला अर्धे येत होते, त्यांना बहुधा त्याहून कमी. कानात दोन दिवस घंटा वाजत राहिली.

२०२० सालीही १७ मार्चला मंगळवारच होता. मैफली रद्द झाल्या, आणि मर्फीजनी प्रेक्षकांविना वाजवून ते सगळं इंटरनेटवर फुकट दाखवलं. आम्ही तिघं सोफ्यावर बसून बघत होतो. बँड जीव तोडून वाजवत होता. पण गाणं संपलं की पुढे नुसती शांतता. मे महिन्यात ते रिकाम्या फेनवे पार्कच्या मैदानात उभे राहून वाजवत होते, ब्रूस स्प्रिंगस्टीन दुसरीकडून पडद्यावर सामील झालेला. मागे हजारो रिकाम्या खुर्च्या. त्या रात्री मी हा २००२ चा अल्बम लावला आणि गाणी पुढे ढकलत फक्त दोन गाण्यांमधला गोंधळ ऐकला. नवऱ्याला वाटलं, स्पीकर बिघडला.

आज गोंधळ आणि गाणी, सगळं नीट ऐकलं. 'वाइल्ड रोव्हर' आलं. हे जुनं लोकगीत, पबमध्ये कोणीही म्हणावं असं. ध्रुपदात 'नो, ने, नेव्हर' झालं की ऐकणाऱ्यांनी चार टाळ्या वाजवायच्या, न सांगता. मी वाजवल्या. कणीक ओट्यावर, स्पीकरवर, थोडी भिंतीवर. लेक फ्रिज उघडायला आला होता. कानात त्याचं स्वतःचं काहीतरी चालू होतं. माझ्याकडे बघून त्यानं एक कान मोकळा केला आणि पुढच्या ध्रुपदाला तोही वाजवायला लागला.

त्यानं पाच वाजवल्या.