तुम्ही विचारलंत म्हणून: ट्रेनिंगची बातमी कळते कुठून?

पीएचडी करणारं कुणी भेटलं की दुसऱ्या-तिसऱ्या वाक्याला हा प्रश्न येतोच. "ताई, या वर्कशॉपच्या, ट्रेनिंगच्या बातम्या तुला कळतात कुठून?" पाषाणच्या टपरीवर येतो, लॅबच्या जिन्यात येतो, एकदा तर मावसबहिणीच्या हळदीत एकीने हळदीच्या हातानेच फोन काढून नावं लिहून घेतली होती. आणि विचारणाऱ्याचा चेहरा असा असतो की माझ्याकडे कुठलातरी गुप्त ग्रुप आहे आणि मी मुद्दाम कुणाला अॅड करत नाहीये.

गुप्त काही नाही हो. सगळं सांगते, फक्त जरा लांबेल.

माझा विषय मुठेचं पाणी. पावसाळ्याच्या पहिल्या मोठ्या सरींबरोबर शहरातनं काय काय वाहून नदीत येतं ते मोजायचं. थिसिस गेल्या वर्षी सबमिट झाला, आता एका प्रोजेक्टवर आहे. पर्यावरणशास्त्र हा विषयच असा आहे की त्यात थोडं केमिस्ट्री, थोडं हवामान, थोडं जीआयएस (कॉम्प्युटरवरचे नकाशे), थोडं कोडिंग लागतं आणि यातलं धड काहीच एमएस्सीला शिकवलेलं नसतं, त्यामुळे ट्रेनिंगची भूक सगळ्यांनाच असते, मलाही होती.

तर पुण्यात राहून या बातम्या न कळणं खरं तर अवघड आहे. पाषाणला एका होमी भाभा रोडवर एनसीएल (रसायनशास्त्राची लॅब), आयसर (विज्ञान शिक्षण आणि संशोधनाची संस्था), आयआयटीएम (हवामान-मान्सूनवर संशोधन करणारी) आणि हवामान खात्याचं ट्रेनिंगचं केंद्र. खातं १९२८ साली सिमल्याहून इथे आलं म्हणून शिवाजीनगरच्या त्या टॉवरवाल्या इमारतीला लोक अजून शिमला ऑफिसच म्हणतात. आयआयटीएम १९६२ पासून आहे आणि तिथे अर्थ सिस्टिम सायन्ससाठी माणसं तयार करायचं वेगळं सेंटर आहे, डेस्क म्हणतात त्याला. झाडंपानं करणाऱ्यांना कोरेगाव रोडला बीएसआय, किडे-मासे करणाऱ्यांना आकुर्डीला झेडएसआय. यातल्या बऱ्याच ठिकाणी लेक्चरं होतात, कित्येकदा बाहेरच्यांनाही बसू देतात. मी काय करायचे, लेक्चर कळो न कळो, नंतरच्या चहाला थांबायचे. हैदराबादला इन्कॉइसमध्ये समुद्रशास्त्राचं ट्रेनिंग सेंटर आहे, त्याला युनेस्कोची मान्यता आहे, तिथे आठवड्या-दोन आठवड्यांचे कोर्स चालतात, हे मला असंच एकाने बिस्किट बुडवता बुडवता सांगितलं होतं. नदीवालीला समुद्राचं काय, असं मी म्हणाले तर तो म्हणे, नदी जाते कुठे?

दुसरं म्हणजे रविवारी सकाळी अर्धा तास. मिसळीची मटकी शिजेपर्यंत सहा-सात संस्थांच्या साइट स्वतः उघडून बघायच्या, कुणाच्या फॉरवर्डची वाट बघायची नाही, कारण फॉरवर्ड आपल्यापर्यंत येतो तो बहुतेक शेवटच्या तारखेच्या आदल्या रात्री. डेहराडूनच्या आयआयआरएसचे रिमोट सेन्सिंगचे (म्हणजे उपग्रहाच्या फोटोंवरून अभ्यास करायचे) ऑनलाइन कोर्स असतात, फुकट, घरबसल्या. बेंगळुरूला संवर्धनावर काम करणाऱ्या विद्यार्थ्यांची एक परिषद २०१० पासून भरते, एससीसीएस, तिथे आपलं काम मांडायचं आणि शिवाय वर्कशॉपही करायची, जंगल-प्राणी-पाणी यातलं काहीही करत असाल तर एकदा जाच. इटलीत त्रिएस्तेला आयसीटीपी हे भौतिकशास्त्राचं केंद्र आहे, अब्दुस सलाम यांनी १९६४ साली काढलेलं, त्यांच्या 'स्कूल'ना, म्हणजे छोट्या कोर्सना, फी नसते आणि आपल्यासारख्या देशांतल्या काही जणांना प्रवासखर्चही मिळतो. लोक नाव ऐकूनच घाबरतात, अर्जच करत नाहीत.

पण बातम्या मला पहिल्या वर्षापासून कळत होत्या आणि तरी माझी दोन वर्षं फुकट गेली, ते ऐका.

पहिल्या दोन वर्षांत मी दिसेल त्या ट्रेनिंगला गेले. रिसर्च मेथडॉलॉजी तीनदा. एसपीएसएस (आकडेवारीचं सॉफ्टवेअर), ते माझ्या कामात एकदाही लागलं नाही. लाइफ सायकल असेसमेंट, कारण जेवण चांगलं असतं असं ऐकलं होतं (होतंही). प्लास्टिकच्या फोल्डरमध्ये नऊ सर्टिफिकेटं जमली, आई घरी येणाऱ्याजाणाऱ्यांना दाखवायची. आणि याच काळात एक 'आंतरराष्ट्रीय परिषद' केली, साडेचार हजार भरून. आंतरराष्ट्रीय का, तर एक परदेशी प्राध्यापक झूमवर वीस मिनिटं दिसले आणि मग त्यांचं नेट गेलं. मला बोलायला पाच मिनिटं, ऐकायला माझ्यानंतर बोलणारे दोघं, आणि सर्टिफिकेटवर माझं आडनाव चुकलेलं. असल्यांची मेल अजून येतात, 'आदरणीय संशोधक' अशी सुरुवात असते आणि पेपर केअर लिस्टेड, म्हणजे यूजीसीच्या मान्य यादीतल्या, जर्नलमध्ये छापू असं आश्वासन. ती केअर यादी यूजीसीने फेब्रुवारी २०२५ मध्ये बंद केली, तिचं काम आपल्या सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठातनंच चालायचं, म्हणजे निदान पुण्यातल्या पोरांनी तरी या आश्वासनाला भुलू नये. आणि २०२२ च्या नियमांनंतर यूजीसीच्या पातळीवर थिसिसआधी पेपर छापलाच पाहिजे ही सक्तीही राहिलेली नाही, आपल्या विद्यापीठाचा नियम काय आहे तेवढा विचारून घ्या.

तर नऊ सर्टिफिकेटं होती आणि मला पावसाची फाइल उघडता येत नव्हती.

मला रोजचा पाऊस हवा होता. हवामान खात्याच्या पुणे ऑफिसच्या साइटवर १९०१ पासूनचा रोजचा पाऊस फुकट मिळतो, अख्ख्या देशावर पाव-पाव अंशाचे खण पाडलेत, आपल्याकडे एक खण साधारण २६-२८ किलोमीटरचा. फाइल उतरवली आणि डबल क्लिक केलं तर नोटपॅडमध्ये नुसती किडामुंगी. तीन दिवस मला वाटत होतं फाइल खराब आहे, मी पुन्हा पुन्हा उतरवत होते, हॉस्टेलचं नेट संपवलं.

शेवटी एका सिनिअरला गाठलं, तो पावसाळ्याच्या मॉडेलवर काम करायचा. त्याने लॅपटॉप उघडायच्या आधी कागद घेतला आणि चौकोन काढला. म्हणाला, "यात अक्षरं नाहीत, नुसते आकडे आहेत, एकापाठोपाठ एक. एका दिवसाचे किती?" मला कुठे माहीत. आडवे १३५, उभे १२९. "आता पहिला आकडा कुठल्या कोपऱ्यातला?" मी म्हटलं डावीकडचा वरचा, पुस्तक वाचतो तसा. तर नाही. खालचा. साडेसहा अक्षांश, साडेसहासष्ट रेखांश, म्हणजे पार खाली समुद्रात, तिथून उजवीकडे सरकत सरकत मग वरची ओळ. हे एवढं कळल्यावर पायथनच्या सात-आठ ओळींत पुण्याचा खण हाताला लागला. मग मी उत्साहात कोकणापासून पुण्यापर्यंतची सरासरी काढली तर जुलै महिन्यात पाऊस उणे दोनशे मिलीमीटर! तो हसून हसून लोळला. जिथे डेटा नाही तिथे उणे ९९९ लिहिलेलं असतं आणि माझ्या चौकटीत समुद्रावरचे खण आले होते, ते मी पाऊस समजून धरले.

दोन तास लागले सगळ्याला. सर्टिफिकेट नाही, जेवण नाही, मीच त्याला वडापाव खिलवला.

आणि त्यातनंच मला पुढचा, खरा प्रश्न कळला. अख्खं पुणे शहर एक-दोन खणांत मावतं आणि एक-दोन खण पलीकडे ताम्हिणी, जिथे पुण्याच्या कित्येक पट पाऊस पडतो. म्हणजे दांडेकर पुलाखालच्या नाल्याला माझी सर कधी आणि किती आली हे या डेटातनं कळणारच नाही, मला तासातासाचा पाऊस हवा आणि तो बारीक खणांवर कसा उतरवायचा ते शिकायला हवं. आता मला काय येत नाही हे एका वाक्यात सांगता येत होतं. त्यानंतर मी चार वर्षांत फक्त तीन ट्रेनिंग केली. तिन्हीच्या अर्जात 'आपल्याला हा कोर्स का करायचाय' या रकान्यात हीच खणांची गोष्ट लिहिली आणि तिन्ही मिळाली. आधी त्याच रकान्यात मी 'माझ्या ज्ञानात भर पडेल' असं लिहायचे. जे निवडतात त्यांनी एका दिवसात असली दोनशे ज्ञानं वाचलेली असणार.

म्हणून आता कुणी विचारलं की बातमी कुठून कळते, तर मी उलट विचारते की तुझं अडलंय कुठे. काही जणांना राग येतो. एकीला वाटलं मी सांगायचं टाळतेय.

आता एनओसी, म्हणजे आपल्या संस्थेचं ना-हरकत पत्र. हे कुणी विचारत नाही आणि खरा खोळंबा इथेच होतो. एक ट्रेनिंग माझ्या हातातनं गेलं ते असं: शुक्रवारी पाचला मुदत, गाईडची सही गुरुवारीच झालेली, फक्त वरची सही आणि शिक्का राहिलेला. सकाळी गेले तर साहेब मीटिंगला. दुपारी सही झाली तर आवक-जावकवाल्या बाई जेवायला, आणि जावक नंबर पडल्याशिवाय शिक्का नाही. साडेतीनला बाई आल्या, रजिस्टर मिळेना, मिळालं तेव्हा पावणेपाच, मग स्कॅनर. पाच वाजून सहा मिनिटांनी पोर्टल म्हणालं, मुदत संपली. बाईंनी मला स्वतःच्या डब्यातली करंजी दिली, त्यांचा तरी काय दोष.

तेव्हापासून माझ्या डेस्कटॉपवर एक फोल्डर असतो. बोनाफाईड, गाईडचं पत्र (ट्रेनिंगचं नाव आणि तारीख तेवढी भरायची), एनओसीचा मसुदा, एक पानाचा बायोडेटा, आणि कामाबद्दल दोनशे शब्द, जे दर सहा महिन्यांनी आरएसीच्या (आपलं काम तपासणाऱ्या समितीच्या) मीटिंगआधी तसेही लिहावेच लागतात, तेच इथे चिकटवायचे. परदेशात जायचं असेल तर ही तयारी महिनोन् महिने आधी. फुलब्राइट-नेहरू डॉक्टरल रिसर्च फेलोशिप घ्या, पीएचडीवाल्यांना सहा ते नऊ महिने अमेरिकेत काम करता येतं, पण तिथल्या प्राध्यापकाशी मेलामेली आधीच झालेली असली तर अर्जात जीव येतो, आणि अनोळखी माणसाला पहिलं मेल लिहायलाच मला तीन आठवडे लागले होते.

पैशाचंही सांगते. जानेवारी २०२३ पासून जेआरएफला (पहिल्या दोन वर्षांची फेलोशिप) महिना ३७,००० आणि एसआरएफला (त्यापुढची) ४२,००० झालेत, ऐकायला बरे वाटतात, पण येतात तेव्हा सहा महिन्यांचे एकदम आणि तोवर रेल्वेचं तिकीट कुणाच्या कार्डावर काढायचं हा प्रश्न असतो. आणि कितीतरी जणांकडे फेलोशिपच नसते. त्यामुळे स्लीपरचं भाडं आणि राहायची सोय देतात का, हे आधी बघायचं, विषय नंतर, असं मी उघड सांगते. वेळही पैशासारखाच आहे, नियमाने पीएचडीला जास्तीत जास्त सहा वर्षं, पुढे मुदतवाढ मागावी लागते (मुलींना अजून दोन वर्षांची सवलत आहे), आणि पंधरा दिवसांचं ट्रेनिंग पंधरा दिवसांत कधीच संपत नाही, आल्यावर सॅम्पलिंगची साखळी तुटलेली असते.

परवा ज्युनिअर आला. मुळेतल्या जलपर्णीवर काम करतो, उपग्रहाच्या फोटोंवरून. "ताई, हैदराबादला रिमोट सेन्सिंगचं आठवडाभराचं निघालंय, सोमवारपासून, करू का?" अडलंय कुठे ते त्याने न विचारता सांगितलं, ढगांमुळे पावसाळ्यातले फोटो वाया जातात, ढगांतूनही दिसणारा रडारचा डेटा वापरायला शिकायचंय. मी म्हटलं, "डोळे झाकून कर. पण शुक्रवारचं सॅम्पलिंग?" तो गप्प. आपल्याकडे बीओडी (पाण्यातली घाण खाताना जिवाणू किती ऑक्सिजन संपवतात ते मोजायची चाचणी) तीन दिवसांचा, २७ डिग्रीला. म्हणजे शुक्रवारी दुपारी इन्क्युबेटरमध्ये ठेवलेल्या बाटल्या सोमवारी दुपारीच उघडायला लागतात, आणि तेव्हा हा हैदराबादेत.

उघडल्या मी. सोमवारी दीड वाजता लॅबमध्ये गेले, बाटल्यांवर त्याच्या त्या कोंबड्याच्या अक्षरातली लेबलं. मँगनीज सल्फेट, मग अल्कली, बूच लावून उलटसुलट. सगळ्यांत बदामी गाळ बसला, वरच्या पुलाच्या दोन्ही बाटल्यांत छान गडद. फक्त संगमाच्या पुलाखालच्या एका बाटलीत गाळ पांढराशुभ्र. पांढरा म्हणजे ऑक्सिजन शून्य, जिवाणूंनी सगळा खाल्ला, आकडा निघणार नाही, सॅम्पल वाया. फोटो काढून त्याला पाठवला.

त्याचा रिप्लाय रात्री आला. आधी रडारच्या फोटोतली काळीभोर नदी, त्यात जलपर्णीचे पांढुरके पट्टे. मग खाली, "सॅम्पल अजून पातळ करायला पाहिजे होतं ना ताई? पुढच्या शुक्रवारी शंभराला एक करतो."