टेंभूचे पाणी आणि नववीचा धडा

सांगली जिल्ह्यातील माध्यमिक शाळांमध्ये अभियांत्रिकीविषयी बोलायला मी जातो, तेव्हा मुलांचा पहिला प्रश्न बहुधा 'कोणत्या शाखेला स्कोप आहे?' हाच असतो. द्राक्षबागेच्या किंवा उसाच्या उत्पन्नातून फी भरणाऱ्या घरांतील मुलांनी तो विचारायलाच हवा. तरीही उत्तर देण्याआधी मी त्यांना एक गणित घालतो, कारण आपल्याच शिवारात विज्ञान कोणते काम करते हे ज्याने कधी पाहिले नाही, तो विद्यार्थी दहावीनंतरची वाट केवळ गुणपत्रिकेकडे पाहून ठरवतो.

आटपाडी आणि खानापूर तालुक्यांत येणारे टेंभू योजनेचे पाणी कराडजवळ कृष्णेतून उचलले जाते. एक घनमीटर पाण्याचे वस्तुमान १००० किलोग्रॅम. ते १०० मीटर उंच चढवायचे, तर नववीच्या 'कार्य आणि ऊर्जा' या पाठातील सूत्राप्रमाणे ९ लाख ८० हजार ज्यूल ऊर्जा, म्हणजे पाव युनिटापेक्षा थोडी अधिक वीज लागते. एका एकरावर १० सेंटिमीटर पाणी द्यायचे झाल्यास सुमारे ४०० घनमीटर पाणी आणि ११० युनिट वीज हवी. पंपातील आणि पाइपमधील घर्षण धरले की हा आकडा आणखी वाढतो आणि प्रत्यक्षात तर हे पाणी अनेक टप्प्यांत १०० मीटरपेक्षा पुष्कळ उंच चढते. फळ्यावर एवढे मांडून झाले की मुले आपणहून विचारू लागतात: एवढी वीज येते कुठून, सौरऊर्जेवर हे पंप चालतील का, ठिबक केले तर किती वाचेल? यांतील प्रत्येक प्रश्नावर कोणी ना कोणी अभियंता आयुष्यभर काम करत असतो आणि हे मुलांना वेगळे सांगावे लागत नाही.

साताऱ्याच्या बाजूला कोयना आहे. तेथे १९९९ मध्ये, शिवसागर जलाशय रिकामा न करता, खालून बोगदा खणत नेऊन शेवटचा खडक स्फोटाने उडवण्यात आला आणि चौथ्या टप्प्याच्या वीजगृहाला पाणी मिळाले. मला मात्र कोयनेचा दुसरा धडा अधिक महत्त्वाचा वाटतो. ११ डिसेंबर १९६७ च्या भूकंपानंतर, धरणात साठवलेल्या पाण्याचा आणि भूकंपांचा संबंध काय, हा प्रश्न जगभरच्या शास्त्रज्ञांपुढे आला. त्याच शोधासाठी या परिसरात सुमारे ३ किलोमीटर खोल छिद्र घेण्यात आले आणि कराडजवळ हजारमाचीला त्यासाठीची संशोधन प्रयोगशाळा उभी राहिली. भूगर्भशास्त्र शिकलेल्या मुलाला काम कुठे मिळणार, असे विचारणाऱ्या पालकांना मी हीच प्रयोगशाळा दाखवतो.

वाटा अनेक आहेत. अकरावी विज्ञान आणि पुढे सीईटी ही सर्वांना ठाऊक असते, परंतु दहावीनंतर तीन वर्षांची पदविका घेऊन पदवीच्या थेट दुसऱ्या वर्षाला प्रवेश घेता येतो, हे खेड्यातील पुष्कळ घरांपर्यंत आजही पोहोचलेले नाही. शासकीय तंत्रनिकेतने मिरजेला आणि कराडला आहेत. पदवीसाठी सांगलीचे वालचंद महाविद्यालय १९४७ पासून, तर कराडचे शासकीय अभियांत्रिकी महाविद्यालय १९६० पासून आहे.

मुलींच्या बाबतीत माझा आग्रह अधिक आहे. वर्गात वरील गणित सर्वांत आधी सोडवणारी मुलगी बारावीनंतर घराजवळच्या, कमी खर्चाच्या अभ्यासक्रमाकडे वळवली जाते, हे मी वारंवार पाहिले आहे. आर्थिकदृष्ट्या दुर्बल, सामाजिक व शैक्षणिकदृष्ट्या मागास आणि इतर मागास प्रवर्गातील, ८ लाख रुपयांपर्यंत वार्षिक कौटुंबिक उत्पन्न असलेल्या मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमांचे शिक्षण शुल्क व परीक्षा शुल्क २०२४-२५ पासून राज्य शासनाने पूर्ण माफ केले आहे. हा शासननिर्णय मुख्याध्यापकांनी नववी-दहावीच्या पालकसभेत वाचून दाखवावा आणि प्रवेशासाठी लागणारे उत्पन्नाचे व जातीचे दाखले त्याच वर्षी काढायला सांगावेत, अशी माझी कळकळीची विनंती आहे.