आजोबांना शाल नको, बोरू द्या

अमृतमहोत्सवी स्मरणिकेत माजी विद्यार्थ्याने आठवणी लिहायच्या असतात. शनिवारी सारवलेला वर्ग, ओल्या फडक्याने पुसलेली पाटी, पावडरचं दूध, हे सगळं बाकीचे लिहितीलच. ही दोन पानं जरा वेगळ्या कामाला लावतो. १९६० च्या आगेमागे आपल्या शाळेत पहिलीला बसलेल्यांची नातवंडं आता त्याच वर्गांत बसतात, आणि वर्षातून एकदा या म्हाताऱ्या मंडळींना शाळेचं रीतसर बोलावणं येतं. तो दिवस नीट कसा पार पाडावा, एवढंच लिहितो.

शालेय शिक्षण विभागाने २०२३ पासून १० सप्टेंबर हा आजी-आजोबा दिवस ठरवून दिला आहे. त्या दिवशी सुटी असेल तर दुसरा दिवस धरायची मुभा आहे. अडचण सुटीची कमी आणि भाद्रपदाची जास्त. पहिल्याच वर्षी १० तारखेला रविवार आला. २०२४ साली त्याच दिवशी गौरी आवाहन होतं. गौरी घरात यायच्या दिवशी आजी शाळेत कशी येणार? २०२५ ला पितृपक्ष. म्हणून ऑगस्टमध्येच पंचांग उघडावं आणि गावचा आठवडी बाजारही बघावा. दिवस पुढे-मागे करायची वेळ आली तर केंद्रप्रमुखांना, म्हणजे आसपासच्या शाळांवर देखरेख करणाऱ्या अधिकाऱ्यांना, आधी कळवावं म्हणजे झालं.

वेळ सकाळची, परिपाठानंतर लगेच. दीड तासाच्या वर नको. निम्म्या लोकांना साखरेच्या गोळ्या असतात आणि अकरा वाजले की त्यांचं लक्ष जेवणाकडे जातं. सतरंजी मुलांना, म्हाताऱ्यांना हाताच्या, भिंतीला टेकवलेल्या खुर्च्या. बिनहाताच्या खुर्चीतून गुडघे धरलेल्या माणसाला उठता येत नाही, तो बाजूच्याच्या खांद्यावर जोर देतो आणि दोघंही कलंडतात. चपला वर्गाबाहेर काढायला लावू नयेत. शेवटी त्या ढिगात वाकून आपली जोडी शोधणं हे सगळ्यात त्रासाचं काम ठरतं. आणि स्पीकर लावूच नये. कानाच्या मशीनला पत्र्याच्या छताखालचा माइक म्हणजे नुसती शिट्टी.

सगळ्यात मोठी चूक म्हणजे सत्कार. चाळीस जणांना शाल, श्रीफळ, गुलाबपुष्प द्यायचं तर माणशी दीड मिनिट धरलं तरी तासभर गेला. त्या तासात मुलं टाळ्या वाजवून कंटाळतात आणि आजोबा मांडीवर नारळ घेऊन बसून राहतात. त्यापेक्षा पाच-सहा मुलांमागे एक आजी किंवा आजोबा, आणि प्रत्येकाच्या हातात काम. भाषण येत नाही म्हणून मागे बसणाराही हातात वस्तू दिली की बोलायला लागतो.

बोरूचंच बघा, म्हणजे पोकळ काडी तासून केलेली, शाईत बुडवून लिहायची लेखणी. पेन्सिलीच्या जाडीची, वीतभर लांबीची, पूर्ण वाळलेली नळी घ्यावी. ओली असेल तर कापताना तंतू फाटतात आणि टोक दोन दिवसांत मऊ पडतं. एका टोकाला उतरती काप द्यायची, दोन्ही बाजू तासून टोक निमुळतं करायचं, मग मधोमध एक चीर. ही चीर नखाएवढीच हवी. लांब गेली की लिहिताना टोकाच्या दोन पाकळ्या होतात आणि शाई भळकन सांडते. सगळ्यात शेवटी टोकाला तिरकी काप द्यायची. देवनागरीची जाड-बारीक रेघ त्या तिरकेपणातून येते, हात वळवून नाही. चाकू फक्त मोठ्यांच्या हातात. मुलांनी नळ्या निवडायच्या आणि लिहायचं. बोरू बुडवल्यावर दौतीच्या काठाला एकदा टेकवला की जास्तीची शाई उतरते. वर्तमानपत्राच्या कागदावर शाई फुटते, म्हणून जाड कागद आणावा. सहा मुलांना तीन बोरू पुरतात, कारण वाट बघणाऱ्याचे डोळे लिहिणाऱ्याच्या टोकावरच असतात.

दुसरं काम तोंडी हिशेबाचं. पावकी, निमकी, पाऊणकी, सवायकी, दिडकी, औटकी हे अपूर्णांकांचे पाढे त्या पिढीच्या जिभेवर आहेत. मुलांना एकदम पाढा म्हणून दाखवला तर ती हसतात. आधी प्रश्न टाकावा: साडेतीन रुपयाला एक, तर आठ नग कितीला? मुलं वहीत साडेतीन मांडून गुणाकार करेपर्यंत आजी ‘अठ्ठावीस’ म्हणून मोकळी. मग सांगावं की औट म्हणजे साडेतीन. रुपयाचे सोळा आणे आणि आण्याचे चार पैसे होते तोवर पाव-निम्म्याशिवाय बाजार होत नव्हता. १९५७ च्या एप्रिलमध्ये रुपयाचे शंभर नवे पैसे झाले, तरी गुरुजींच्या तोंडून औटकी जायला पुढे कितीतरी वर्षं लागली.

इथे एक खबरदारी. २०१९ मध्ये दुसरीच्या गणिताच्या पुस्तकात सत्तावीसच्या जोडीला ‘वीस सात’ असं वाचन आलं आणि त्यावर बराच वाद झाला. नातवाच्या तोंडी ते ऐकलं की आजोबा भर वर्गात ‘वीस सात काय रे, सत्तावीस म्हण!’ म्हणून दरडावतात. शिक्षकांनी हे आधीच कानावर घालावं. मराठीत एकक आधी बोललं जातं. त्रेपन्न ऐकून तीन आधी लिहिणारं आणि एकोणतीसमधल्या ‘तीस’ला फसणारं मूल प्रत्येक वर्गात असतं. वादात कुणाची बाजू घ्यायची ते घरी ठरवा, त्या दिवशी पोराला टोकू नका.

जेवण सोबत व्हावं, पण शाळेच्या तांदळातून नाही. पोषण आहाराचा तांदूळ पहिली ते पाचवीला मुलामागे १०० ग्रॅम असा हजेरीवर मोजून असतो आणि मुख्याध्यापकांना त्याचा हिशेब द्यावा लागतो. चाळीस पाहुणे धरले तर चार किलो तांदूळ, डाळ, भाजी आणि तेल गावाने वेगळं आणून द्यावं. खिचडी तिखट करू नये. वाढण्याआधी चव नोंदवहीत एखाद्या आजीचाही शेरा घ्यावा. ‘मीठ कमी आहे’ हे त्या वहीत इतकं स्पष्ट दुसरं कुणी लिहीत नाही.

ज्यांचे आजी-आजोबा नाहीत किंवा परगावी आहेत, त्या मुलांची यादी आठवडाभर आधी करावी. गट पाच-सहाचे केल्याने ‘तुझी आजी कुठाय?’ हा प्रश्न तसाही बोथट होतो. शेजारची आजी चालते, स्वयंपाक करणाऱ्या मावशी चालतात. कुणाला आजीवर निबंध मात्र लिहायला लावू नये.

आणि आपल्या बीड जिल्ह्यात हा दिवस आणखी एका कारणाने कामाचा आहे. ऊसतोडीच्या टोळ्या दसरा-दिवाळीच्या सुमाराला गाव सोडतात आणि पुढचे पाच-सहा महिने कितीतरी मुलांची पालक म्हणजे आजीच. हंगामी वसतिगृहाची सोय असली तरी रात्री ताप आला की निरोप तिलाच जातो. तेव्हा सप्टेंबरमध्ये ती समोर असतानाच तिचा किंवा शेजाऱ्याचा मोबाइल नंबर हजेरीपटाच्या आतल्या पानावर लिहून घ्यावा. मुलगा किती दिवस गैरहजर राहिला तर शिक्षक घरी येणार, हे तिला तोंडी सांगावं, चिठ्ठी नको. पालकसभेचं बोलावणं आईबापांच्या फोनवर जातं आणि तो फोन त्या वेळी कोल्हापूर-सांगलीच्या फडात असतो.

शेवटी जनरल रजिस्टर, म्हणजे शाळेत दाखल झालेल्या प्रत्येक मुलाची नोंदवही. हे दप्तर शाळेला कायमचं जपावं लागतं, म्हणून आजोबांची नोंद आजही सापडते. दाखल क्रमांक, प्रवेशाची तारीख, शाळा सोडल्याचं कारण. जन्मतारीख बहुतेकांची १ जून, कारण दाखल करताना तारीख ठाऊक नसली की गुरुजी तीच लिहीत. एकाच पानावर एवढे जण १ जूनला कसे जन्मले, हा प्रश्न मुलं हमखास विचारतात, आणि त्याचं उत्तर आजोबांनीच द्यावं. आज्यांच्या नोंदी माहेरच्या नावाने शोधाव्यात. ज्या लग्न होऊन गावात आल्या त्यांची नोंद इथे मिळणार नाही, हे आधीच सांगावं, नाहीतर हिरमोड होतो. पानं आदल्या दिवशी काढून त्यांत चिठ्ठ्या घालून ठेवाव्यात. कागद कडेने तुटतो, म्हणून मुलांच्या हाती रजिस्टर द्यायचं नाही, शिक्षकांनी धरायचं. त्यात जातीचाही रकाना आहे. त्यावर कोऱ्या कागदाची पट्टी ठेवावी आणि मगच पान नातवंडांसमोर उघडावं.