भुवई बदकं निघाली

रविवारी तळ्याच्या पायऱ्यांवर अर्धा तास मी एकाच पिवळ्या धोबी पक्ष्याकडे बघत बसले होते. जानेवारीत याच गवतावर धोबी फिरायचे तेव्हा मातकट, विटलेले दिसायचे. सोबत आलेलं कुणी हमखास विचारायचं, ‘यात पिवळं काय आहे?’ आता गळ्यापासून शेपटीखालपर्यंत नुसती हळद! डोक्यावर राखी-निळी पिसं आलीत, उजव्या कानामागे मात्र जुन्या तपकिरी पिसांचा एक ठिपका राहिलाय. माळीदादांनी पाइप सोडला होता. भिजल्या गवतातून माशी उठली की हा तुरुतुरु धावायचा, वीतभर उडी मारून ती टिपायचा आणि पुन्हा शेपटी खालीवर.

खाण्याची ही घाई उगाच नाही. दिवस मोठा होऊ लागला की स्थलांतरी पक्ष्यांच्या शरीरात बदल सुरू होतात, भूक वाढते, कातडीखाली चरबी साठते. काही छोटे पक्षी निघण्याआधी वजनाने जवळपास दुप्पट होतात. म्हणून फिरायला येणाऱ्यांना माझी कळकळीची विनंती आहे, या दिवसांत काठावर कुत्रा मोकळा सोडू नका. थवा एकदा उठला की प्रवासासाठी जमवलेलं इंधन तिथेच जळतं.

मार्चच्या मध्याला बारा पट्टकदंब पलीकडच्या काठावर चरत होते. दुसऱ्या दिवशी सकाळी एकही नव्हता. हिमालय ओलांडताना या हंसांची ७,२९० मीटर उंचीवर नोंद झालेली आहे. हा प्रवास ते बहुतेक रात्री किंवा भल्या पहाटे करतात, कारण थंड हवा दाट असते आणि पंखांना आधार देते. त्यांना निघताना मी एकदाही पाहिलेलं नाही. भोरड्यांचं, म्हणजे गुलाबी मैनांचं, तसं नाही, त्या पांगाऱ्यावर इतका कलकलाट करतात की जाताना सगळ्यांना कळतं.

भुवई बदकांची मात्र यंदा वाट पाहायचीच असं ठरवलं होतं. डिसेंबरात नर-मादी ओळखणं अवघड. फेब्रुवारी सरता सरता नराच्या डोळ्यावरून मानेपर्यंत पांढरी कमान उमटते, तीच ती भुवई. गुरुवारी एकेचाळीस मोजली. सूर्य बुडाल्यावर ती पाणकणसांजवळून मधल्या पाण्यात आली, माना ताठ, सगळ्यांची तोंडं एकाच दिशेला. नरांचा तो कोरडा, कंगव्यावरून नख फिरवल्यासारखा आवाज वाढत गेला. मग काहीही न घडता पाच-सात मिनिटं गेली. मी दुर्बीण खाली घेतली आणि नेमकी तेव्हाच ती उठली. तळ्यावर दोन फेऱ्या मारल्या, दुसरी बरीच वरून, आणि वाऱ्याच्या अंगाने उत्तरेकडे गेली. अंधारात पंखांची शिट्टी थोडा वेळ ऐकू येत राहिली.

शुक्रवारी सकाळी वहीत लिहिलं: भुवई बदक, एक मादी. पाणकणसांच्या कोपऱ्यात एकटीच डोकं बुडवून खात होती. पंख धड दिसत होते, एकदा उडूनही गेली पलीकडे. आज पुन्हा पाहिली, त्याच कोपऱ्यात, चार थापट्या बदकांसोबत.