शातोनफ द्यु पापच्या सहा बाटल्या

आम्ही फ्रान्समध्ये ल्योंला राहतो. 2018 च्या ऑक्टोबरात गाडी काढून शातोनफ द्यु पाप या वाइनच्या गावाला गेलो, आव्हिन्योंच्या जरा अलीकडे. तिथल्या काही मळ्यांत माती दिसतच नाही, नुसते नारळाएवढाले गुळगुळीत गोटे, दिवसभर तापतात आणि रात्री वेलींना ऊब देत राहतात, ग्रनाश द्राक्ष तिथे असं काही पिकतं की वाइनमध्ये अल्कोहोल सहज साडेचौदा टक्के. त्यात सिरा आणि मूर्वेद्र ही द्राक्षंही मिसळतात. 2016 साल दक्षिण ऱ्होनला, म्हणजे ऱ्होन नदीकाठच्या या भागाला, फारच चांगलं गेलेलं, त्या सालच्या सहा घेतल्या. तिथल्या बाई म्हणाल्या, घाई करू नका.

तरी नाताळात एक उघडलीच. रंग करवंदाच्या रसासारखा, वास जबरदस्त, पण घोट घेतला तर कच्चं जांभूळ चावल्यासारख्या हिरड्या आवळल्या आणि घशात नुसती धग. खूप कोवळी होती.

मग चार बाटल्या बिल्डिंगच्या तळघरातल्या आमच्या खोलीत ठेवल्या, इथे तिला काव म्हणतात. अंधार, थोडी ओल, बारा-तेरा अंश. बाटल्या आडव्याच ठेवायच्या म्हणजे बूच ओलं राहतं, सुकलं की हवा आत शिरते. एक मात्र किचनच्या कपाटात राहिली आणि 2019 च्या जूनमध्ये उष्णतेची लाट आली, दक्षिणेत तर पारा 46 वर गेला. बूच वर सरकलेलं, गळ्याशी चिकट ओघळ, चव शिजवलेल्या जॅमसारखी. खूप जीव हळहळला.

2021 ला एक उघडली, ती मुकीच होती, ना धड फळ ना वास. असा मधला काळ येतो म्हणे या वाइनला.

यंदा, 2025 ला, पुढची. आदल्या दिवशी बाटली उभी केली, गाळ खाली बसू दिला, मग गळ्यामागे मोबाइलचा टॉर्च धरून हळूहळू कॅराफमध्ये, म्हणजे काचेच्या सुरईत ओतली आणि गाळाची काळी रेघ गळ्याशी आली तसं थांबलो. कडेला विटकरी झाक आलेली. सुकं अंजीर, काळी मिरी, चामड्याचा वास, आणि तो तुरटपणा इतका मऊ झालेला की बायको म्हणाली ही तीच आहे का? सोबत तिने केलेलं सुकं मटण होतं, मसाला मुद्दाम कमी. अर्धी उरली ती दुसऱ्या दिवशी आणखी छान लागली.

दोन शिल्लक आहेत, त्यांच्यावर खडूने 2028 लिहून ठेवलंय.