माळ्यावरचे सिनेमे : आमची वाटचाल

सांगलीतलं आमचं दुकान मुळात रेडिओ-टेप दुरुस्तीचं. 1982 च्या एशियाडनंतर रंगीत टीव्ही आले, पाठोपाठ व्हीसीआर आले, आणि 1986 साली अण्णांनी, म्हणजे आमच्या वडिलांनी, कर्ज काढून दोन व्हीसीआर घेतले. टीव्ही, व्हीसीआर आणि तीन कॅसेट, एका रात्रीसाठी भाड्यानं. गोधडीत गुंडाळून सायकलच्या कॅरियरवरून मीच घरोघर पोचवायचो. गणपतीत मंडळांची एवढी ओढाताण असायची की दहा दिवस आमच्या घरात टीव्ही नसायचा.

कॅसेट देणारा व्यापारी वस्ताद होता. पाच चालत्या सिनेमांबरोबर दोन न चालणारे गळ्यात मारायचा. नाही म्हटलं तर पुढच्या खेपेला नवा माल मिळायचा नाही. ते दोन-दोन साठत गेले आणि सगळ्यात वरच्या फळीवर गेले. अण्णा त्या फळीला ‘माळा’ म्हणायचे.

आता सांगलीचा पावसाळा. कॅसेट महिनोन् महिने न फिरता पडली की टेपच्या कडेला पांढरी भुरी धरते, बुरशीच ती. तशीच मशिनमध्ये घातली तर हेड, म्हणजे टेप वाचणारा भाग, खराब होतं आणि मागून लावलेल्या चांगल्या कॅसेटलाही ती लागते. चालत्या सिनेमांना ही भीती नव्हती, ते रोज फिरायचेच. माळ्यावरच्यांना कोण फिरवणार? म्हणून पाऊस सरला की दसऱ्याच्या आत माळ्यावरची एकेक कॅसेट पहिल्यापासून शेवटपर्यंत चालवायची, हे काम माझ्या अंगावर पडलं. चालवायचीच आहे तर बघू, म्हणून बघत गेलो. माझं सिनेमाचं शिक्षण म्हणाल तर एवढंच.

‘हा खेळ सावल्यांचा’ (1976) असाच भेटला. ‘गोमू संगतीनं’ अख्ख्या गावाला पाठ, पण ते गाणं एका गूढपटातलं आहे हे कोणाला सांगितलं की खरं वाटायचं नाही. एक एस.टी.तले कंडक्टर दर शनिवारी रहस्यपट मागायला यायचे. त्यांना तो दिला. सोमवारी कॅसेट परत देताना म्हणाले, “काय हो, बायको रात्री पाणी प्यायला एकटी उठेना.” मग मी कव्हरांवर चिठ्ठ्या चिकटवू लागलो : ‘पहिला अर्धा तास दम धरा’, ‘सासूबाईंबरोबर बघू नये’. हौशी गिऱ्हाईक चिठ्ठी वाचून न्यायला लागलं. गल्ला त्यानं काही भरला नाही, हेही सांगतो. भाडं सुटायचं ते मारधाडीवरच.

2005 चा पूर. ‘आयर्विनवर किती फूट?’, म्हणजे कृष्णेवरच्या आयर्विन पुलाशी पाणी किती चढलं, एवढं एकच विचारत आम्ही दोन रात्री काढल्या. पाणी उतरल्यावर शटर उघडलं तर हाताशी ठेवलेले सगळे चालते सिनेमे चिखलात. माळा कोरडा. अण्णा बराच वेळ वर बघत उभे राहिले आणि म्हणाले, “हे मेले बरे वाचले!”

तोवर कॅसेटनंतर आलेली व्हीसीडी, म्हणजे सिनेमाची सीडी, तीही जुनी झाली होती. एका तबकडीत सव्वा तासाच्या आसपास मावायचं, त्यामुळे रंगात आलेला सिनेमा सोडून तबकडी बदलायला उठावं लागायचं. 2007 मध्ये मोझर बेअर कंपनीच्या व्हीसीडी 28 रुपयांना आणि डीव्हीडी 34 रुपयांना आल्या. पंधरा रुपये भाडं कोण देणार? आम्हीच खोकी भरून आणल्या, दोनेक वर्षं विकल्या. नंतर एनएफडीसीनं, म्हणजे सरकारच्या चित्रपट विकास महामंडळानं, जुने सिनेमे साफसूफ करून डीव्हीडीवर काढले, त्यातले ‘27 डाउन’, ‘पेस्तनजी’, ‘पार्टी’ मी मुद्दाम मागवले. ‘पार्टी’ महेश एलकुंचवारांच्या नाटकावरचा, म्हणून कॉलेजातले प्राध्यापक नेऊ लागले. ‘27 डाउन’ ही तिकीट तपासनिसाचीच गोष्ट, तो मात्र रेल्वेतल्या एका रिटायर तिकीट तपासनिसांनी चार वेळा नेला. पाचव्या वेळी मी पैसे घेतले नाहीत.

आज घर चालतं ते लग्नाच्या, मुंजीच्या कॅसेट डिजिटल करून देण्यावर. फुनाई या जपानी कंपनीनं 2016 मध्ये व्हीसीआर बनवणं थांबवलं, तेव्हापासून जुन्या मशिनांचे अवयव काढून दुसऱ्याला बसवतो. अमेरिकेतून आलेल्या कॅसेट एनटीएससी या तिकडच्या टीव्ही पद्धतीच्या असतात, आपल्याकडची पद्धत वेगळी, म्हणून त्यांच्यासाठी एक मशिन वेगळं ठेवलंय. बुरशीची कॅसेट आली की मागचे पाच स्क्रू काढायचे, रिळं बाहेर घ्यायची, टेप हलक्या हातानं पुसायची आणि धडधाकट कवचात बसवायची. हा हात माळ्यानंच बसवला. सिनेमांच्या कॉप्या आम्ही करून देत नाही. माळ्यावरचं जे काही आहे ते दुकानात बसून बघा, चहा आमच्याकडून.

कॅसेट आणणाऱ्यांना एक विनंती. पांढरं काही दिसलं तर ‘लागते का बघू’ म्हणून घरच्या मशिनमध्ये घालू नका, रिवाइंडही करू नका. भिजली असेल तर उन्हात ठेवू नका. आहे तशी घेऊन या, आणि कोणाचं लग्न ते वर लिहा. मागच्या महिन्यात तीन कॅसेटवर नुसतं ‘बाळूचं लग्न’ होतं, आणि बाळू तिन्हींत वेगळा निघाला.